निअँडरथलांचा अस्त: संगणकाचा हिशेब आणि मध्य भारताची कोरी जागा

निअँडरथल मानव युरोपातून नाहीसे झाले ते सुमारे ४१ ते ३९ हजार वर्षांपूर्वी. टॉम हायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली रशियापासून स्पेनपर्यंतच्या अनेक स्थळांचे नव्याने कालमापन करून हा काळ निश्चित केला. त्याच अभ्यासानुसार निअँडरथल आणि आफ्रिकेतून आलेले आधुनिक मानव युरोपात २,६०० ते ५,४०० वर्षे एकाच काळात राहत होते. एवढ्या दीर्घ शेजारानंतर एक जमात टिकली आणि दुसरी संपली. का संपली, याची उत्तरे अनेक दिली गेली: कडाक्याची थंडी, शिकारीसाठीची स्पर्धा, हिंसा, रोग, भाषेतील किंवा बुद्धीतील उणेपण, आपसांतील विवाह, आणि निव्वळ दुर्दैव.

हाडे आणि दगडी हत्यारे या उत्तरांत निवड करू देत नाहीत. कोण, कुठे, साधारण कधी होते हे त्यांवरून कळते. दर हजार मुलांमागे किती जगली, एका टोळीतील मुली दुसऱ्या टोळीत जात होत्या का, दुष्काळात किती जण दगावले, हे मात्र कोणत्याही थरात सापडत नाही. लोकसंख्येच्या उताराची खरी कारणे नेमकी याच आकड्यांत असतात. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही संशोधकांनी हा प्रश्न संगणकाकडे नेला. काल्पनिक टोळ्या तयार करायच्या, त्यांना जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि संकर यांचे नियम द्यायचे, घड्याळ हजारो वर्षे पुढे पळवायचे आणि शेवटी कोण उरते ते पाहायचे. हेच सिम्युलेशन. या पद्धतीने गेल्या साडेतीन दशकांत बरेच काही शिकवले आहे. पण तिच्याकडून भलतेच काही मागितले, तर ती तेही तितक्याच आत्मविश्वासाने देते. एखादे कारण पुरेसे होते का, हे ती तपासू शकते. तेच कारण प्रत्यक्षात घडले का, हे तिला ठाऊक नसते.

इझ्रा झुब्रो यांचे १९८९ सालचे लोकसंख्या-प्रारूप या वाटेवरचा पहिला ठळक टप्पा. निअँडरथलांचे मृत्युप्रमाण आधुनिक मानवांपेक्षा अवघे २ टक्के अधिक धरले, तरी ते सुमारे ३० पिढ्यांत, म्हणजे जवळपास हजार वर्षांत नामशेष होतात, असे त्यांनी दाखवले. त्या काळात ‘संहार’ आणि ‘महासंकट’ हेच शब्द चर्चेत होते. झुब्रो यांच्या आकड्याने चर्चेचा सूर बदलला. अस्तासाठी मोठी आपत्ती लागत नाही, किरकोळ फरकही पुरतो, हे गणिताने सिद्ध झाले.

त्यामागचे तत्त्व कागदावरही पडताळता येते. एखाद्या प्रदेशात ५,००० माणसे आहेत आणि त्यांची संख्या दरवर्षी हजारात एक या गतीने घटते आहे, असे समजा. पाच हजार वर्षांनंतर तिथे जेमतेम ३४ माणसे उरतील. पण २५ जणांच्या टोळीच्या दृष्टीने ही घट म्हणजे चाळीस वर्षांत एक माणूस कमी. ती कोणाच्याही लक्षात येणार नाही. आजोबांच्या वेळी आपण जास्त होतो, असेही कोणी म्हणणार नाही. जमातीचा अंत तिच्यातल्या एकाही माणसाला न दिसता होऊ शकतो, आणि ज्याची चाहूल जगणाऱ्यांना लागली नाही त्याचा ठळक पुरावा उत्खननात शोधत बसणे व्यर्थ असू शकते. सिम्युलेशनने मानवशास्त्राला दिलेली ही बहुधा सर्वांत मोलाची जाणीव आहे.

अडचण पुढेच सुरू होते. किरकोळ कारण पुरते हे एकदा मान्य केले, की पुरेशी कारणे भराभर वाढतात. अ‍ॅना देजिओआनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली मृत्यूऐवजी जन्माकडे पाहिले. वीस वर्षांखालील स्त्रियांची प्रजननक्षमता २.७ टक्क्यांनी घटली तर १० हजार वर्षांत आणि ८ टक्क्यांनी घटली तर ४ हजार वर्षांत निअँडरथल संपतात, असे त्यांच्या प्रारूपातून निघाले. त्याच वर्षी क्रिस्ट वेसन आणि सहकाऱ्यांनी आधुनिक मानवाला चित्रातून पूर्णपणे बाहेर काढले. ५० पासून ५,००० पर्यंतच्या आकाराच्या लोकसंख्या घेऊन त्यांनी तीन गोष्टी तपासल्या: अंतःप्रजनन, विरळ वस्तीत जोडीदार आणि मदत न मिळण्याचा तोटा, आणि जन्म-मृत्यूतील यादृच्छिक चढउतार. एकट्या अंतःप्रजननाने फक्त सर्वांत लहान लोकसंख्या संपल्या. तिन्ही एकत्र आल्यावर मात्र प्रत्येक आकाराची लोकसंख्या १० हजार वर्षांच्या आत संपू शकते, असे दिसले. म्हणजे आधुनिक मानव युरोपात आलेच नसते तरी हे घडू शकले असते.

ओरेन कोलोड्नी आणि मार्कस फेल्डमन यांचे २०१७ सालचे प्रारूप आणखी निष्ठुर आहे. त्यात दोन्ही मानव सर्व बाबतींत समान धरले आहेत. कोणाचाही मेंदू मोठा नाही, कोणाचे हत्यार चांगले नाही. प्रदेशात ठरावीक टोळ्यांची जागा आहे. अधूनमधून एखादी टोळी संपते आणि तिची जागा दुसरी कोणतीही टोळी घेते. भर एकच: आफ्रिकेतून थोड्या थोड्या टोळ्या सतत येत राहतात, उलट दिशेने कोणी जात नाही. हा खेळ कितीही वेळा खेळला तरी शेवट ठरलेला. निअँडरथल आज ना उद्या शून्यावर येतात. आधुनिक मानव शून्यावर आले तरी मागून नवे येतात. निअँडरथलांना मागे कोणी नाही.

यातले खरे कोणते? प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. प्रत्येक प्रारूप स्वतःपुरते बरोबर आहे आणि प्रत्येकाचा शेवट एकच आहे. शेवट सर्वांनाच आधीपासून माहीत होता. निअँडरथल आज नाहीत, हे सांगायला संगणक लागत नाही. माहीत असलेला शेवट गाठणे ही प्रारूपाची परीक्षा होऊ शकत नाही. तरीही या सगळ्या खटाटोपातून एक निकाल पक्का निघतो, आणि तो नकारात्मक आहे. निअँडरथल संपले म्हणजे ते कमी बुद्धीचे होते, हे अनुमान आता टिकत नाही. ज्याला त्यांचे बौद्धिक उणेपण सांगायचे आहे त्याने ते स्वतंत्र पुराव्यानिशी सांगावे. त्यांचा अस्त हा त्याचा पुरावा नव्हे. कोलोड्नी आणि फेल्डमन यांच्या प्रारूपाचे महत्त्व याच ठिकाणी आहे. प्रत्यक्षात असेच घडले असा त्यांचा दावा नाही; सिद्ध करण्याचा भार त्यांनी दुसऱ्या बाजूवर टाकला.

उलट बाजूचे उदाहरण आक्सेल टिमरमन यांचे. दक्षिण कोरियात महासंगणकावर त्यांनी हवामानाचे उतारचढाव, अन्नाची उपलब्धता, स्पर्धा आणि संकर एकत्र गुंफणारे प्रारूप चालवले आणि २०२० साली निष्कर्ष मांडला: त्या काळातील अचानक होणारे हवामानबदल एकटे पुरत नाहीत, आधुनिक मानवांना अन्न मिळवण्यात ठळक सरशी होती असे धरले तरच नकाशावरचा अस्त प्रत्यक्षाशी जुळतो. युरोपात निअँडरथलांनी त्याआधी तितकेच तीव्र शीतकाळ पचवले होते, हे लक्षात घेता हवामानावरचा निर्णय पटण्यासारखा आहे. सरशीबद्दलचा निर्णय मात्र जपून घ्यावा लागतो. ती सरशी कोणत्याही हाडावरून मोजलेली नाही. ती प्रारूपातील एक बटण आहे. ते फिरवत फिरवत चित्र जुळेपर्यंत नेले गेले. जुळले, यावरून बटणाचे नाव बरोबर आहे असे ठरत नाही.

पुराव्याने प्रारूपाला कसे वळवले, याचा धडा मथियास क्युरा आणि लॉरां एक्सकोफिए यांच्या दोन लेखांत मिळतो. २००४ साली त्यांनी युरोपचा नकाशा चौकोनांत विभागून आधुनिक मानवांची पुढे सरकणारी लाट दाखवली. तोपर्यंत निअँडरथलांचा फक्त तंतुकणिकेतील डीएनए, म्हणजे आईकडून येणारा तुटपुंजा वारसा, उपलब्ध होता आणि तो आजच्या एकाही माणसात सापडत नव्हता. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की हजारो वर्षांच्या शेजारात यशस्वी संकर जेमतेम शे-सव्वाशे झाले असतील, म्हणजे जवळजवळ नाहीच. लेखाचे शीर्षकच संकर झाला नाही असे सांगणारे होते. २०१० साली स्वांते पेबो यांच्या गटाने निअँडरथलांच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला आणि आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात १ ते ४ टक्के निअँडरथल वारसा आहे हे उघड झाले. (पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले ते याच वाटचालीसाठी.) क्युरा आणि एक्सकोफिए यांनी २०११ साली हिशेब पुन्हा मांडला आणि यशस्वी संकरांची संख्या २०० ते ४०० च्या घरात नेली.

या प्रकरणावरून सिम्युलेशनची थट्टा करणे सोपे आहे, पण अन्याय्य आहे. २००४ च्या प्रारूपातील यंत्रणा चुकलेली नव्हती. पसरणाऱ्या लाटेच्या अग्रभागी माणसे थोडी असतात. तिथे स्थानिक जमातीचा एखादा जनुक शिरला तर पुढे वाढणाऱ्या संपूर्ण लोकसंख्येत तो पसरतो. म्हणून थोडे संकरही मोठा ठसा ठेवून जाऊ शकतात. ही समज आजही टिकून आहे. कोसळला तो आकडा, कारण तो अपुऱ्या पुराव्यावर उभा होता. प्रारूपातील यंत्रणा आणि प्रारूपातील आकडा यांचे आयुष्य वेगवेगळे असते. वृत्तपत्रांत नेहमी आकडा छापला जातो, आणि आधी मरतो तोही आकडाच.

प्रारूपाची चूक कधीकधी त्याच्या यशापेक्षा उपयोगी पडते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या लाँग हाऊस व्हॅलीत इ.स. ८०० ते १३५० या काळातील शेतकरी कुटुंबांचे प्रारूप रॉबर्ट अ‍ॅक्सटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडले. झाडांच्या वलयांवरून दरवर्षीचा पाऊस ठाऊक होता, त्यावरून मक्याचे पीक काढता येत होते. संगणकातील कुटुंबे उत्खननात दिसणाऱ्या कुटुंबांप्रमाणेच वाढली आणि घटली. शेवटी मात्र फाटा फुटला. संगणकाच्या मते १३०० नंतरही त्या खोऱ्यात काही कुटुंबे तग धरू शकली असती. प्रत्यक्षात सगळीच निघून गेली. पाऊस-पाण्याने न उलगडणारा हा उरलेला भाग म्हणजेच त्या अभ्यासाचे फलित. तिथून पुढे कारणे समाजात शोधावी लागतात. निअँडरथलांच्या बाबतीत असा फाटा पकडता येत नाही, कारण तुलनेसाठी वर्षावर्षाची नोंद नाही. हजार वर्षे हेच तिथले सर्वांत लहान माप आहे.

युरोपातील ही चर्चा नागपुरात बसून वाचताना एक गोष्ट खटकते. या बहुतेक प्रारूपांच्या नकाशांत भारत एकतर नसतोच किंवा पूर्वेकडे जाणारी रिकामी वाट म्हणून असतो. क्युरा आणि एक्सकोफिए यांनी २०११ साली तुलनेसाठी फ्रेंच आणि चिनी जनुके घेतली. मधला उपखंड ओलांडला गेला. निअँडरथलांचे एकही हाड भारतात मिळालेले नाही, हे त्याचे उघड कारण. ज्ञात अवशेषांपैकी भारताला जवळचा म्हणावा असा १९३८ साली उझबेकिस्तानातील तेशिक-ताश गुहेत मिळालेला लहान मुलाचा सांगाडा. पण हाड नाही म्हणून वारसा नाही, असे होत नाही. २०२५ साली ‘सेल’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, प्रिया मूरजानी यांच्या गटाच्या अभ्यासात भारतातील २,७६२ व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले. बहुतेक वारसा सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या एकाच स्थलांतराकडे जातो, असे त्यातून दिसले. आणि निअँडरथल वारशाच्या तुकड्यांची विविधता जगात सर्वाधिक भारतीयांत आहे, असेही.

त्यातील एक तुकडा तर महासाथीत सर्वांच्या तोंडी आला. तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारे ५० हजार अक्षरांचा हा भाग कोविडचा तीव्र आजार होण्याची जोखीम वाढवतो आणि तो निअँडरथलांकडून आलेला आहे, हे ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी २०२० साली दाखवले. दक्षिण आशियात सुमारे निम्मे लोक तो वाहतात, युरोपात १६ टक्के, पूर्व आशियात जवळजवळ कोणीच नाही. बांगलादेशात हे प्रमाण ६३ टक्क्यांवर जाते. एकाच संकरातून आलेला तुकडा शेजारच्या दोन प्रदेशांत इतका विषम कसा झाला? निव्वळ योगायोगाने असे होऊ शकते का, की कुठल्या जुन्या रोगाने इथे त्याला हात दिला आणि तिथे छाटून टाकले? हा प्रश्न मात्र सिम्युलेशनने विचारण्याजोगा आहे. योगायोगाचे लक्षावधी डाव टाकून त्यांत इतका फरक किती वेळा येतो ते मोजता येते, आणि इथे उत्तर आधीपासून ठाऊक नसते.

भारतात अस्ताचा प्रश्न निअँडरथलांशिवायही उभा आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना नर्मदेच्या उत्तर तीरावर, सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे गाळातून मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. नागपूरहून इटारसीमार्गे भोपाळला जाणारी गाडी नर्मदा ओलांडते, त्या टापूतील ही जागा. सोनकिया यांनी ती होमो इरेक्टसची मानली. १९९१ साली केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी तिला पुरातन होमो सेपियन्स ठरवले. नंतर काहींनी तिचे नाते युरोपातील होमो हायडेलबर्गेन्सिसशी जोडले, तर शीला अत्रेया यांनी २००७ साली कसोटी लावून त्या नावाखालीही ती नीट बसत नाही असे दाखवले. तिच्या वयाचाही वाद मिटलेला नाही, कारण नदीचा गाळ जुने-नवे एकत्र आणून ठेवतो. वाद काहीही असो, ती कवटी आजच्या माणसाची नाही. मध्य भारतात कोणीतरी होते, आणि ते आज नाहीत.

त्या कोणाच्या तरी हातची हत्यारे देशभर आहेत. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे कुमार अखिलेश, शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मध्य पुराश्मयुगीन तंत्र सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे मांडले. (अत्तिरमपक्कम १८६३ मध्ये शोधणाऱ्या दोघांपैकी एक रॉबर्ट ब्रूस फूट, दुसरे विल्यम किंग. या किंगचे वडील, गॉलवेचे प्राध्यापक विल्यम किंग, यांनीच १८६४ साली जर्मनीतील निअँडर खोऱ्यातल्या हाडांना होमो निअँडरथलेन्सिस हे नाव छापील स्वरूपात दिले. एका घरातील दोन पिढ्यांनी प्रश्नाची दोन टोके धरली होती.) महाराष्ट्रात ह. धी. सांकलिया यांनी १९५४ साली प्रवरेकाठी नेवाशाला मध्य पुराश्मयुगीन हत्यारांचा थर ओळखला. त्यांचे कर्ते कोण, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. मायकेल पेट्राग्लिया आणि सहकाऱ्यांनी आंध्रातील ज्वालापुरम येथे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या, सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या राखेच्या खाली आणि वर सारखीच हत्यारे दाखवली आणि ती आधुनिक मानवाची असावीत असे २००७ साली म्हटले. मध्य शोण खोऱ्यातील ढाबा येथे २०२० साली असेच सातत्य ८० हजार वर्षांपर्यंत नेले गेले. पॉल मेलर्स यांच्या पक्षाने २०१३ साली हे नाकारले: आधुनिक मानव टोबानंतर, ६० ते ५० हजार वर्षांच्या सुमारास, किनाऱ्याने आले आणि सूक्ष्मास्त्रे, म्हणजे दगडाची अगदी बारीक हत्यारे, ही त्यांची खूण आहे. त्याच वर्षी शीला मिश्र आणि सहकाऱ्यांनी निमाडातील मेहताखेडी येथे सूक्ष्मास्त्रांचे तंत्र ४५ हजार वर्षांपूर्वीपासून अखंड चालू असल्याचे मांडले. ५० हजार वर्षांपूर्वीचे एकच स्थलांतर हा जनुकांचा निर्वाळा खरा असेल, तर ज्वालापुरम आणि ढाब्याचे जुने कारागीर एकतर आधुनिक मानव नव्हते किंवा त्यांचा वंश जवळजवळ संपला. दोन्ही पर्यायांत इथेही एक अस्त घडला आहे. युरोपातल्या अस्ताला निदान नाव आहे.

भारतासाठी संगणक अगदीच वापरला गेला नाही, असे नाही. ज्युली फील्ड, पेट्राग्लिया आणि मार्टा लार यांनी २००७ साली उतार, नद्या, वाळवंटे आणि तेव्हाची समुद्रपातळी यांची किंमत लावून उपखंडात शिरण्याच्या सोप्या वाटा काढल्या. अ‍ॅडम पॉवेल, स्टीफन शेनन आणि मार्क थॉमस यांनी २००९ साली सिम्युलेशनने दाखवले की नवी कौशल्ये टिकण्यासाठी मेंदूत बदल लागत नाही, एकमेकांच्या संपर्कातील माणसांची दाटी लागते. अशी दाटी कुठे होती? क्वेंटिन अ‍ॅटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तंतुकणिकेतील डीएनएवरून असे अनुमान काढले होते की सुमारे ४५ ते २० हजार वर्षांपूर्वी जगातील बहुसंख्य माणसे दक्षिण आशियात राहत होती. हे खरे असेल तर मानवाच्या त्या काळातील इतिहासात युरोप ही कड होती आणि उपखंड हा मध्य. सिम्युलेशनांची संख्या मात्र नेमकी उलट आहे.

हे उलटेपण केवळ दुर्लक्षातून आलेले नाही. यंत्रांची उणीव तर मुळीच नाही: टोळ्यांचे साधे प्रारूप घरच्या संगणकावर चालते, आणि प्राचीन हवामानाचे अवजड गणित करायचे तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्यूष’ महासंगणक होता. उणीव आहे ती तारीख लागलेल्या थरांची. उष्ण आणि ओल्या हवेत डीएनए टिकत नाही. हडप्पा संस्कृतीच्या राखीगढीत ६१ नमुने तपासल्यावर एका व्यक्तीचा जनुकसंच हाती आला, आणि ती व्यक्ती अवघ्या साडेचार हजार वर्षांपूर्वीची. चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या भारतीय हाडातून डीएनए मिळेल, अशी आशा धरणे कठीण आहे.

विदर्भाचा नकाशा पाहिला की ही कोरी जागा नेमकी कशी आहे ते कळते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडील कड नागपूरच्या आसपास संपते. पश्चिमेला बेसाल्टमधील गारगोट्या आणि अकीक, पूर्वेला जुने स्फटिकी खडक आणि कामठीचे कोळशाचे थर. हत्यारांसाठी दोन प्रकारचा दगड जिथे जवळजवळ मिळतो अशी ही सीमा आहे. चंद्रपूरजवळ पापामिया टेकडीवर पुराश्मयुगीन हत्यारे आहेत. खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. त्यांचे वय सुमारे २५ हजार वर्षे. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी येथे आणि वऱ्हाडात पूर्णेच्या गाळात ज्वालामुखीची राख नोंदली गेली आहे. बोरीच्या राखेच्या वयावरून किती कडाक्याचा वाद झाला हे पुरातत्त्वज्ञांना ठाऊक आहे. तरीही राखेचा थर हा कालमापनाचा उत्तम आधार असतो. वैनगंगा आणि वर्धा खोऱ्यांतील सलग, तारीखवार थर मात्र अद्याप फारसे हाताशी नाहीत. प्रारूपात अशा जागी शून्य भरले जाते. संगणकाला ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि नकाशावर दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

युरोपचे प्रारूप जसेच्या तसे इथे आणून भागणारही नाही. तिथे जगण्याची मर्यादा थंडी ठरवते. इथे ती उन्हाळ्यातील पाणी ठरवते. विदर्भातील ओढे एप्रिल-मेमध्ये आटतात, आणि वर्षाची सरासरी कितीही चांगली असली तरी त्या दोन महिन्यांत पाणी कुठे उरते यावर टोळीचा आकार ठरणार. उत्तर अटलांटिकात हिमनगांचे लोंढे सुटले त्या त्या काळी मोसमी पाऊस दुबळा झाल्याचे पुरावे आहेत. असा एक काळ ४० हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास येतो. म्हणजे ज्या शतकांत निअँडरथल युरोपात संपत होते, त्याच शतकांत मध्य भारतातील टोळ्या पाणवठ्यांभोवती आक्रसत असतील. असे अंदाज बांधता येतात आणि तपासताही येतात, पण वर्षाच्या सरासरी पावसावर चालणाऱ्या प्रारूपाने नव्हे.

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. जन्म-मृत्यूचे आकडे प्राचीन माणसांचे मिळत नाहीत म्हणून ते आजच्या शिकारी समाजांचे घेतले जातात. भारतात असे प्रारूप कोणी करू लागला की त्याची नजर हमखास माडिया, गोंड, कोरकू, कोलाम यांच्याकडे जाईल. ते साफ चुकीचे ठरेल. या समाजांना शेतीचा, व्यापाराचा, राज्यांचा दीर्घ इतिहास आहे. नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. राजधान्या वसवणाऱ्या समाजाचे कोष्टक चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या टोळीला लावणे हा शास्त्राचा पोशाख घातलेला जुना पूर्वग्रह आहे. त्यांच्या जनुकांतून वंशाचा मागोवा घेणे वेगळे. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांनी २००९ साली भारतीय आणि ऑस्ट्रेलियन आदिवासींना जोडणारी मातृवंशाची जुनी फांदी त्याच मार्गाने दाखवली. वंश जुना असतो म्हणून जीवनपद्धती जुनी ठरत नाही.

मध्य भारताचे प्रारूप करायचे तर नागपूर ही सोयीची जागा आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय इथे आहे आणि नर्मदेपासून वैनगंगेपर्यंतचा प्रदेश त्याच्या कक्षेत येतो; मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचे केंद्रही इथेच आहे. गाळ वाचणारे आणि माणूस वाचणारे एकाच शहरात असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. पण क्रम उलटा होता कामा नये. आधी पूर्णा, वर्धा आणि वैनगंगेच्या गाळाचे स्वतंत्र कालमापन, मग प्रारूप. आणि प्रारूप करणाऱ्याने ते चालवून आपला निष्कर्ष जाहीर करण्यापूर्वी दोन गोष्टी छापून मोकळे व्हावे: कोणत्या खोऱ्यात, कोणत्या काळच्या थरात, कोणत्या प्रकारची हत्यारे मिळायला हवीत, आणि ती मिळाली नाहीत तर आपले कोणते गृहीतक मागे घेतले जाईल. एवढे जो आधी लिहून देणार नाही, त्याच्या आकड्यावर कोणत्याही संस्थेने उत्खननाचा पैसा खर्च करू नये.